गाणं जगभर गेलं, पण कुठलं?

रॉक संगीत हा शब्द वाचून काही मैत्रिणींच्या कपाळाला आठ्या पडतील. गिटारींचा गोंगाट, केस वाढवलेले पुरुष आणि गाण्यांमधून बाईचं जे काय केलेलं असतं ते. याला आपल्या अंकात जागा कशाला? आठ्या रास्त आहेत. स्टेजवर पुरुष आणि स्टेजखाली त्यांच्यासाठी किंचाळणाऱ्या मुली, ही वाटणी रॉकच्या जगात कितीतरी वर्षं पक्की होती. म्हणूनच मला 'द क्रॅनबेरीज' या आयरिश बँडविषयी लिहावंसं वाटतं. तीन मुलगे वाजवायचे, एक मुलगी गायची, आणि त्या मुलीने लिहिलेल्या गाण्यांच्या जोरावर एका दुय्यम शहरातला हा बँड जगभर पोचला. त्यांचे अल्बम चार कोटींच्या घरात खपले. 'जगाने एका बाईचा आवाज ऐकला' असं अशा वेळी कौतुकाने लिहिलं जातं. पण जगाने त्या आवाजातलं नेमकं काय ऐकलं आणि काय सोडून दिलं, हे आपण बायकांनी तरी विचारायला हवं.

डोलोरेस ओ'रिऑर्डनचा जन्म १९७१ चा. आयर्लंडमधल्या लिमरिक शहराबाहेरचं बॅलीब्रिकन हे तिचं गाव. वडील शेतमजूर. तिच्या जन्माआधीच मोटरसायकलच्या अपघातात त्यांच्या मेंदूला इजा झाली आणि ते कामाला मुकले. आई शाळेत मुलांच्या जेवणाचं काम बघायची. नऊ बाळंतपणं, सात मुलं जगली, डोलोरेस सगळ्यात धाकटी. आपल्यापैकी ज्या वस्त्यांमधून काम करतात त्यांना या घराची ओळख वेगळी करून द्यायला नको. घर धार्मिक, कॅथलिक. मुलगी गावच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची, लॅटिन प्रार्थना गायची. संगीताचं शिक्षण म्हणायचं तर ते तिथेच झालं.

त्या आयर्लंडविषयी थोडं सांगायला हवं, कारण 'युरोप' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे भलतंच काही येतं. डोलोरेस लहान असेपर्यंत, म्हणजे १९७३ पर्यंत, सरकारी नोकरीतल्या बाईला लग्न झालं की नोकरी सोडावी लागे. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय निरोध विकत घेता येऊ लागला तो १९८५ पासून. १९८३ मध्ये तर आठवी घटनादुरुस्ती करून गर्भाचा जगण्याचा हक्क आईच्या हक्काच्या बरोबरीने राज्यघटनेत घालण्यात आला. घटस्फोटाला परवानगी द्यावी की नाही यावर १९९५ मध्ये सार्वमत घ्यावं लागलं आणि ते जेमतेम पार पडलं. 'वाट चुकलेल्या' मुलींना कोंडून फुकट राबवून घेणाऱ्या, नन चालवत असलेल्या मॅग्डालेन धुलाईघरांपैकी शेवटचं बंद झालं ते १९९६ मध्ये. सरकारने त्याबद्दल जाहीर माफी मागितली ती २०१३ मध्ये. (एका बाबतीत मात्र ते आपल्या पुढे गेले. नवऱ्याने केलेला बलात्कार तिथे १९९० च्या कायद्याने गुन्हा ठरला. आपल्याकडे २०२३ च्या नव्या भारतीय न्याय संहितेतही नवऱ्याची सूट शाबूत ठेवली आहे.)

अशा देशात १९८९ मध्ये लिमरिकच्या नोएल आणि माइक होगन या दोघा भावांनी आणि फर्गल लॉलर या ड्रमवाल्या मित्राने बँड काढला. गाणारा मुलगाच होता. तो सोडून गेल्यावर १९९० मध्ये डोलोरेस आली. नोएलने एका चालीची कॅसेट तिच्या हातात दिली. ती घरी गेली, शब्द लिहिले, आणि परत आली ती 'लिंगर' घेऊन. वय अठरा-एकोणीस. पहिल्या प्रेमात फसवल्या गेलेल्या मुलीचं हे गाणं आहे. आपण मूर्ख ठरतोय हे तिला कळतंय, तो खोटं बोलतोय हेही कळतंय, आणि तरी पाय निघत नाही.

यात नवीन काय, असं कुणी म्हणेल. प्रेमभंगाची गाणी ढिगाने आहेत. पण ती बहुतेक दोन साच्यांतली असतात. एक तर बाई रडते आणि वाट बघते, नाहीतर मग मान झटकून निघून जाते. कळत असूनही न सुटण्याची जी मधली अवस्था आहे ती गाण्यात फार कमी येते, आणि समुपदेशनाच्या खोलीत मात्र ती रोज समोर बसलेली असते. 'ताई, मला समजत नाही असं नाही हो,' हे वाक्य मी किती जणींकडून ऐकलं याचा हिशेब नाही. आपण कार्यकर्त्या पुष्कळदा तिथे अधीर होतो. समजतंय तर बाहेर का पडत नाहीस? 'लिंगर'मध्ये ती अधीरता नाही. लिहिणारी त्या अवस्थेच्या आतच उभी आहे आणि स्वतःला दोषही देत नाही. जगभरच्या मुलींना ते आपलं वाटलं याचं मला नवल वाटत नाही.

प्रसिद्धी लगेच आली नाही. नुसत्या कॅसेटवरून लंडनच्या कंपन्या मागे लागल्या, आयलंड रेकॉर्ड्सने करार केला, आणि १९९१ मध्ये निघालेली 'अनसर्टन' ही छोटी रेकॉर्ड साफ पडली. ज्या इंग्रजी संगीत-नियतकालिकांनी डोक्यावर घेतलं होतं त्यांनीच खाली टाकलं. व्यवस्थापकाशी बिनसलं. नवा व्यवस्थापक, स्टीफन स्ट्रीट हा नवा निर्माता, आणि १९९३ च्या मार्चमध्ये पहिला अल्बम. तोही इंग्लंडमध्ये आधी पडूनच होता. मग बँड दुसऱ्यांच्या कार्यक्रमांआधी वाजवायला म्हणून अमेरिकेला गेला. तिथे कॉलेजांची रेडिओ केंद्रं आणि एमटीव्ही यांनी 'लिंगर' उचललं, ते अमेरिकेच्या यादीत आठव्या क्रमांकापर्यंत चढलं, आणि तिकडून कौतुक आल्यावर इंग्लंडला जाग आली. १९९४ मध्ये तोच अल्बम तिथे पहिल्या क्रमांकावर गेला. त्याच वर्षी हाँगकाँगच्या 'चंगकिंग एक्सप्रेस' या चित्रपटात त्यांचं 'ड्रीम्स' फे वाँगने कँटोनीज भाषेत गायलं, म्हणजे ज्यांना इंग्रजीचा गंध नाही त्यांच्याही तोंडी ती चाल गेली.

सुरुवातीच्या कार्यक्रमांत डोलोरेस प्रेक्षकांकडे पाठ करून गायची, इतकी ती बुजरी होती. पण गाण्यात तिने एक गोष्ट सोडली नाही, ती म्हणजे गावाकडचा हेल. त्या काळी इंग्लंड-आयर्लंडमधली कितीतरी गाणारी मंडळी तोंड उघडताच अमेरिकन होत. हिचे उच्चार लिमरिकचेच राहिले. आणि सूर मध्येच मोडून वर उडवायची तिची जी लकब आहे, तिचं मूळ तिने स्वतः वडिलांच्या गाण्यात सांगितलं होतं. ऐकणाऱ्यांना मात्र त्यात आणखी जुनं काही दिसलं. आयर्लंडच्या खेड्यांत मयताशेजारी बसून बायका सुरात रडत. मेलेल्याचे गुण गात, मध्येच त्याच्या घरच्यांचे वाभाडेही काढत. चर्चने ही प्रथा मोडून काढली. आपल्याकडेही मयताच्या दारात हेल काढून, नावं घेऊन रडणाऱ्या म्हाताऱ्या आहेत, आणि त्या रडण्यात त्या काय काय बोलून घेतात हे ज्यांनी नीट ऐकलंय त्यांना मी काय म्हणते ते कळेल. बाईला जाहीरपणे ओरडायची मुभा असलेली ती एक जागा होती. ती मोडलेली जागा रॉकच्या स्टेजवर पुन्हा सापडावी, ही मला या सगळ्या हकिकतीतली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

आता 'झॉम्बी'कडे येते. या गाण्याने बँडला खऱ्या अर्थाने जगभर नेलं.

२० मार्च १९९३, शनिवार. दुसऱ्या दिवशी इंग्लंडमध्ये मदर्स डे होता. वॉरिंग्टन या गावच्या बाजारपेठेत लोक खरेदीला आलेले. आयरिश रिपब्लिकन आर्मीने रस्त्यावरच्या कचरापेट्यांमध्ये ठेवलेले दोन बॉम्ब फुटले. तीन वर्षांचा जॉनथन बॉल जागीच गेला, बारा वर्षांचा टिम पॅरी पाच दिवसांनी. बँड तेव्हा इंग्लंडच्या दौऱ्यावर होता. डोलोरेसने हे गाणं एकटीने लिहिलं, शब्द आणि चाल दोन्ही. चारच कॉर्ड आहेत, पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या. तोवरचा बँड हळुवार वाजवणारा होता. या गाण्यासाठी तिने मुलांना सांगितलं की गिटार फाटून वाजली पाहिजे, ड्रम जोरात हवेत, कारण हे रागाचं गाणं आहे. कंपनी साशंक होती. राजकीय गाणं, तेही या बँडकडून? तिने ऐकलं नाही. सप्टेंबर १९९४ मध्ये गाणं निघालं, आयरिश रिपब्लिकन आर्मीने शस्त्रसंधी जाहीर केल्यावर तीनच आठवड्यांनी. बेलफास्टच्या रस्त्यांवरचे सैनिक आणि खेळणारी मुलं दाखवणारी त्याची फिल्म बीबीसीने दाखवायला नकार दिला. गाणं ऑस्ट्रेलिया, फ्रान्स, जर्मनीत पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि २०२० मध्ये यूट्यूबवर ते शंभर कोटी वेळा पाहिलं गेलं. कुठल्याच आयरिश बँडच्या वाट्याला तोवर हे आलं नव्हतं.

गाण्याच्या मध्यभागी एक आई आहे, मूल गेलेली. आणि इथे आपल्यासारख्यांनी जरा थांबायला हवं. दंगली आणि युद्धाच्या वेळी 'आई' पुढे केली की प्रश्न मिटतात असं समजायची सवय शांतता चळवळींना आहे. गाणं निघालं तेव्हाच आयर्लंडमधल्या काहींनी विचारलं होतं की ही आई कुठली? वॉरिंग्टनची आई दिसली, पण उत्तर आयर्लंडमध्ये सैनिक-पोलिसांच्या प्लास्टिकच्या गोळ्यांनी मारलेल्या मुलांच्या आया कुठे आहेत? १९७२ मध्ये डेरी शहरात ब्रिटिश सैनिकांनी मोर्च्यावर गोळ्या झाडून त्याच दिवशी तेरा जण मारले, त्यांच्या आया? प्रश्न खोटा नाही. १९७६ मध्ये बेलफास्टमध्ये एका बाईची तीन मुलं गाडीखाली चिरडली गेली. गाडी चालवणारा आयरिश रिपब्लिकन आर्मीचा होता, आणि ब्रिटिश सैनिकांची गोळी लागून तो मेल्यामुळे ती गाडी बेफाम झाली होती. त्या एका मृत्यूत दोन्ही बंदुका होत्या. त्यातून बायकांचे प्रचंड मोर्चे निघाले, बेटी विल्यम्स आणि मायरेड कॉरिगन यांना शांततेचं नोबेल मिळालं. त्या मुलांची आई मात्र सावरली नाही. १९८० मध्ये तिने जीव दिला. मोर्चात घेतलेला तिचा फोटो आणि ती, यांत किती अंतर पडलं असेल.

तरीही मी 'झॉम्बी'च्या बाजूने आहे. तेवीस वर्षांच्या मुलीने आपल्याच बाजूच्या लोकांना, आपल्याच इतिहासाच्या नावाने मुलं मारणाऱ्यांना, 'हे माझ्या नावाने करू नका' असं सुनावलं. दुसऱ्याच्या हिंसेविरुद्ध गाणं लिहायला काही लागत नाही. आपल्या माणसांविरुद्ध लिहायला लागतं. १९९२-९३ च्या मुंबईनंतर आपल्यापैकी ज्या जणी स्वतःच्याच मोहल्ल्यात, स्वतःच्याच नातेवाइकांसमोर बोलायला उभ्या राहिल्या, त्यांना हे जास्त समजेल.

एक बारीकशी गोष्ट मला या गाण्याच्या प्रसिद्धीविषयी फार काही सांगून जाते. हे गाणं आपल्या मुलाच्या मृत्यूवरून सुचलेलं आहे हे टिम पॅरीच्या वडिलांना कळलं ते जानेवारी २०१८ मध्ये, डोलोरेस वारल्याच्या बातम्यांमधून. तोवर जवळजवळ चोवीस वर्षं सगळं जग ते गात होतं. आता तर लिमरिकच्या हर्लिंगच्या खेळाचे प्रेक्षक ते गातात. २०२३ च्या रग्बी विश्वचषकात आयर्लंड जिंकल्यावर पॅरिसमध्ये हजारोंनी बिअरचे पेले उंचावून ते गायलं, आणि मग वर्तमानपत्रांत वाद झाला की हे गाणं इथे शोभतं का. कचरापेटीतल्या बॉम्बने मेलेल्या मुलाचं गाणं जल्लोषाचं गाणं होऊ शकतं, कारण चाल ओरडायला सोपी आहे. प्रसिद्धी म्हणजे बहुधा हेच, की गाणं लोकांचं होतं आणि ज्याच्यासाठी लिहिलं तो त्यातून गळून पडतो.

आणखी एका बाईचं नाव इथे घ्यायलाच हवं. शिनेड ओ'कॉनर, डब्लिनची. ३ ऑक्टोबर १९९२ रोजी अमेरिकेतल्या 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' कार्यक्रमात तिने पोपचा फोटो कॅमेऱ्यासमोर फाडला. चर्चमधल्या बालकांवरच्या अत्याचारांचा निषेध म्हणून. किशोरवयात ती स्वतः ननच्या सुधारगृहात राहिलेली होती, ऐकीव माहितीवर बोलत नव्हती. दोन आठवड्यांनी न्यूयॉर्कच्या मोठ्या कार्यक्रमात प्रेक्षकांनी तिला हुर्यो करून गाऊ दिलं नाही. तिच्या रेकॉर्डी रोडरोलरखाली चिरडल्या गेल्या. तिची अमेरिकेतली कारकीर्द तिथून उतरणीला लागली. आणि काही महिन्यांतच, त्याच अमेरिकेत, दुसरी आयरिश मुलगी डोक्यावर घेतली गेली. ही दुसरी पोपला मानणारी होती, पुढे व्हॅटिकनमध्ये नाताळात गायलीसुद्धा. २००९ मध्ये आयर्लंडच्या सरकारी चौकशी आयोगाचा अहवाल आला आणि चर्चच्या संस्थांमध्ये काय चाललं होतं ते छापील स्वरूपात जगासमोर आलं. शिनेडची माफी मागायला फार कुणी पुढे आलं नाही. ती २०२३ मध्ये गेली.

या दोघींची तुलना करून एकीला शूर आणि दुसरीला शरणागत ठरवायचा मोह होतो. मला तो मान्य नाही, आणि त्याचं कारण डोलोरेसच्याच एका गाण्यात आहे. ते गाणं फारसं कुणाला माहीत नाही.

१९९९ च्या 'बरी द हॅचेट' या अल्बममध्ये 'फी फाय फो' नावाचं एक गाणं आहे. लहान मुलावर मोठ्या माणसाने केलेल्या लैंगिक अत्याचाराविषयी. नाव घेतलंय परीकथेतल्या राक्षसाच्या तोंडचं. ते कधी स्वतंत्र रेकॉर्ड म्हणून निघालं नाही, एमटीव्हीने वाजवलं नाही. तेव्हा डोलोरेसने त्याविषयी स्वतःचं असं काही सांगितलं नव्हतं. २०१३ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, तिने आयर्लंडच्या एका वर्तमानपत्राला सांगितलं की आठ ते बारा वर्षांची असताना तिच्यावर अत्याचार होत होता. करणारा विश्वासातला माणूस होता. वडिलांच्या अंत्यविधीला तो समोर येऊन उभा राहिला. कितीतरी वर्षं ती स्वतःलाच दोषी समजत होती, अन्न टाकत होती, आणि स्टेजवर मात्र उभी राहत होती.

मी बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या केसेसवर काम करते. त्यामुळे हे वाचून मला धक्का वगैरे बसला नाही. चाळिशीत पहिल्यांदा तोंड उघडणाऱ्या बायका हा अपवाद नाहीच. बहुतेक जणी मुलगी आठ-नऊ वर्षांची झाली की येतात. म्हणजे स्वतःचं ते वय डोळ्यांसमोर चालायला लागलं की. आणि 'एवढी वर्षं गप्प का होतीस' हा प्रश्न घरचे आधी विचारतात, मग पोलीस, मग वकील. डोलोरेसलाही तो विचारला गेला असता तर तिच्याकडे उत्तर तयार होतं. ती गप्प नव्हती. मुलाखतीच्या चौदा वर्षं आधी तिने ते गाऊन ठेवलं होतं, जगातल्या एका मोठ्या कंपनीने ते छापून जगभर विकलं होतं, लाखो घरांत ती तबकडी पोचली होती. ऐकणाऱ्यांनी पुढचं गाणं लावलं.

माझा मुद्दा इथे आहे. 'झॉम्बी'मधलं मूल शत्रूच्या बॉम्बने मेलंय. ते मूल राष्ट्राचं होऊ शकतं, आईच्या शोकाचं होऊ शकतं, पन्नास हजारांच्या मैदानात त्याच्या नावाने ओरडता येतं. 'फी फाय फो'मधलं मूल जिवंत आहे आणि त्याला इजा करणारा ओळखीचा आहे. कदाचित तो त्याच मैदानात शेजारी बसून गात असेल. त्यासाठी कुणी पेला उंचावत नाही. चालही मुळात अशी आहे की गर्दीला सोबत गाता येणार नाही. म्हणून बँड 'गाण्यांमुळे जगप्रसिद्ध झाला' असं जेव्हा लिहिलं जातं तेव्हा मी मनात भर घालते, काही गाण्यांमुळे. बाकीची त्याच गळ्यातून आली होती.

आमच्या गटात या विषयावर बोलणं झालं तेव्हा एका मैत्रिणीने सरळ विचारलं, 'पण ही बाई गर्भपाताच्या विरोधात होती ना? मग आपण हिला कशाला जवळ करायचं?' बरोबर आहे. डोलोरेसने नव्वदच्या दशकात, ऐन प्रसिद्धीत असताना, गर्भपाताला जाहीर विरोध केला होता. आणि तो विरोध हवेतला नव्हता. १९९२ मध्ये बलात्कारातून गर्भ राहिलेल्या चौदा वर्षांच्या मुलीला इंग्लंडला जाऊन गर्भपात करून घेण्यापासून अडवायला आयरिश सरकार कोर्टात गेलं होतं. त्या देशात, तेवढी ऐकली जाणारी बाई तसं बोलते, तेव्हा त्याचं वजन पडतं.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही, कारण त्या कायद्याने घेतलेला एक बळी आपल्या शेजारचा आहे. सविता हलप्पनवार, बेळगावची मुलगी, दंतवैद्य, वय एकतीस. ऑक्टोबर २०१२ मध्ये गॉलवेच्या रुग्णालयात सतराव्या आठवड्यात तिचा गर्भ पडायला लागला. तो वाचणार नाही हे डॉक्टरांनीच सांगितलं होतं. तिने गर्भपात करून द्या म्हणून विनवलं. गर्भाचे ठोके चालू आहेत म्हणून नाकारण्यात आलं. रक्तात जंतुसंसर्ग होऊन २८ ऑक्टोबरला ती गेली. तिला हवं होतं ते उपचाराचं काम आपल्याकडे १९७१ पासून कायद्याने करता येतं. तिचा फोटो मग आयर्लंडभर भिंतींवर लागला, मेणबत्त्यांखाली. बेळगावहून तिच्या आईवडिलांनी आयरिश मतदारांना आवाहन केलं.

तर मैत्रिणीच्या प्रश्नाला माझं उत्तर असं आहे की जवळ करणं आणि पाठीशी घालणं या दोन गोष्टी आहेत. गर्भपाताबाबत डोलोरेस चूक होती असं मी स्पष्टच म्हणेन, आणि ती समोर असती तरी म्हटलं असतं. पण आपल्या गटांत येणाऱ्या बायका काय सगळ्या तपासून, नीट विचार करून झालेल्या असतात? नवऱ्याचा मार सोसून आलेली बाई जातीबाहेर लग्न केलेल्या पोरीला नावं ठेवते. दारूबंदीच्या मोर्चात पुढे असणारी घरी सुनेला मुलगाच हवा म्हणून छळते. त्यांना आपण दार बंद करत नाही, वाद घालत राहतो. चर्चच्या बाकावर वाढलेल्या, चर्चच्या देशात लहानपणी मोडल्या गेलेल्या मुलीने त्याच चर्चला घट्ट धरून राहावं यात विसंगती आहेच, पण ती मला अनोळखी नाही. ज्या घरात अत्याचार झाला त्याच घराची अब्रू जिवापाड सांभाळणाऱ्या बायका मी बघितल्या आहेत. शिनेडने फोटो फाडला, डोलोरेसने गाणं लिहून अल्बमच्या मध्ये ठेवून दिलं. दोघी एकाच गोष्टीविषयी बोलत होत्या.

आणि एक. गाण्यांच्या श्रेयनामावलीत 'लिंगर', 'ड्रीम्स'वर तिचं आणि नोएलचं नाव आहे, 'झॉम्बी'वर फक्त तिचं. बाईच्या शब्दांवर बाईचं नाव, आणि त्याचे पैसे तिच्या हातात, याला मी क्षुल्लक समजत नाही. आपल्या मोर्च्यांतली किती गाणी कुणी लिहिली हे आपल्यालाच सांगता येत नाही.

१५ जानेवारी २०१८ रोजी लंडनच्या हॉटेलात डोलोरेस मृतावस्थेत सापडली. दारूच्या अमलात न्हाणीच्या टबमध्ये बुडून अपघाती मृत्यू, असा चौकशीचा निकाल लागला. वय शेहेचाळीस. मनोविकाराचं निदान झालेलं होतं, लग्न मोडलं होतं, तीन मुलं मागे. बँडच्या तिघांनी तिच्या ध्वनिमुद्रित करून ठेवलेल्या कच्च्या आवाजावर संगीत चढवून २०१९ मध्ये शेवटचा अल्बम काढला, आणि बँड बंद केला. दुसरी गायिका शोधली नाही, ते बरं केलं. त्याच २०१८ च्या जानेवारीत लिसा मॅगी या लेखिकेची 'डेरी गर्ल्स' ही मालिका सुरू झाली होती. नव्वदच्या दशकातल्या त्या बॉम्बग्रस्त शहरातल्या शाळकरी मुलींची, त्यांच्या वात्रटपणाची गोष्ट, आणि तिच्यात 'ड्रीम्स' वाजतं.

मे महिन्याच्या २५ तारखेला आयर्लंडने आठव्या घटनादुरुस्तीवर मत दिलं. ती रद्द करावी म्हणणारे ६६.४ टक्के निघाले. एक डोनेगल सोडलं तर कुठल्याही मतदारसंघाने 'नाही' म्हटलं नाही. लिमरिकनेही नाही.

पुढच्या शिबिरात संध्याकाळच्या सत्रात मी 'फी फाय फो' लावणार आहे. शब्दांचा मराठी अर्थ आधी सांगेन, मग गाणं. ज्यांना बाहेर जावंसं वाटेल त्यांनी जावं, दार उघडं ठेवू, आणि बाहेर बसायला कुणीतरी सोबत असेल. इतर गटांतल्या मैत्रिणींनी हे करून बघितलं तर काय झालं ते कळवावं.